नाहीभाऊने वाचलेला कागद

सरकारी कागद समोर आला की तो माणूस आधी 'नाही' म्हणायचा. कागदात काय लिहिलं आहे ते नंतर. तहसीलदारांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन शिपाई आला, तर त्यालाही सवयीने "नाई" म्हणून बसला आणि मग खजील होऊन पत्रिका हातात घेतली. "पयले नाई म्हनाव, मंग वाचाव," असं त्याचं सूत्र होतं. "हो कवाबी म्हनता येते, बाई. पन एकडाव हो म्हनून गेलं, का मंग नाई म्हनलेलं सरकारले आयकू येत नाई." भंडाऱ्याच्या कचेऱ्यांमध्ये त्याचं नावच नाहीभाऊ पडलं.

सई, ईशान, मागच्या रविवारी आईने पाठवलेल्या फोटोत तुम्ही मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी पाहिलीत. हातात कागद, आणि शेजारी माझ्या डोक्यावर छत्री धरलेला एक दाढीवाला हडकुळा माणूस. ईशानने फोनवर शोधून सांगितलं, "आजी, हे तर मंत्री होते. इथे लिहिलंय, साधे, भोळे, लोकांचे." त्यावर मी फोन ठेवून दिला. तुमच्यावर रागावले नव्हते. साधा होता हे खरं, लोकांचाही होता. पण भोळा नव्हता. हे कुणीतरी नीट क्रमाने लिहून ठेवायला हवं, आणि ते मला नेमकं माहीत आहे. सगळी दुनिया त्याला अहो-जाहो करते. समोर असताना मीही करत असे. इथे मात्र करणार नाही. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे.

तुमचे आजोबा भंडाऱ्यात वकिली करत आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. एका सकाळी नाहीभाऊ पाटबंधारे खात्याची नोटीस घेऊन आमच्या फाटकाशी उभा राहिला. पायात काही नाही, धोतराला चिखल. आजोबा कोर्टात गेलेले. नोटीस इंग्रजीत होती म्हणून मी वाचून अर्थ सांगितला. तो म्हणाला, "पुन्हा एकडाव." पुन्हा सांगितला. "आनखी एकडाव." तीनदा ऐकून त्याने नोटिशीची घडी घातली आणि म्हणाला, "वकीलसायेब कायदा सांगतेत. मले कागद सांगनारं मानूस पायजे होतं. रविवारी शाळा नसन ना तुमची?" त्या रविवारी मी त्याच्या गावाला जायला करडीकडच्या एस.टी.त बसले, आणि पुढची सहा-सात वर्षं माझे बहुतेक रविवार तसेच गेले.

त्याच्या गावाचा तलाव मोठा आणि जुना. पावसाळ्यात भरायचा, त्याच्यावर खालची धानाची शेती व्हायची. माघ-फाल्गुनात पाणी मागे सरलं की तलावाच्या पोटातली काळी, ओली जमीन उघडी पडायची. या जमिनीत जे पेरतात त्याला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या नावावर कुठेच वावर नाही अशा बारा घरांच्या बाया तिथे काकडी, टरबूज, कारली, चवळी लावत. कुणाची पट्टी कुठून कुठवर, हे दर वर्षी पाळीवर बसून ठरायचं. ते कुठल्या सातबाऱ्यावर नव्हतं, फक्त सगळ्यांच्या तोंडात होतं. त्या बायांमध्ये कौतिका सर्वांत बोलकी होती. तिचा नवरा तलावात मासे धरायचा आणि बाजाराच्या दिवशी प्यायचा. घर चालायचं ते त्या पट्टीवर. "माही पट्टी म्हंजे माहा दुसरा नवरा," ती म्हणायची, "फक्त हा पीत नाई."

सरकारने तलाव ताब्यात घेतले आणि पाणी सोडायच्या दाराला, म्हणजे तुडुमाला, कुलूप लावलं. पाणी कधी सोडायचं हे आता भंडाऱ्याचा साहेब ठरवणार. नाहीभाऊचं बंड इथून सुरू झालं. त्याने भर दुपारी सब्बल घालून कुलूप तोडलं. पण खरी मजा पुढेच आहे. तुटलेलं कुलूप सायकलच्या हँडलला बांधून तो भंडाऱ्याला इंजिनिअरच्या टेबलापर्यंत गेला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सरकारचं कुलूप. तुटलं आहे, पन सरकारचं आहे. जमा करून घ्या, अन् पोच द्या."

साहेबांनी पोलीस बोलावले. पोलीस येईपर्यंत नाहीभाऊ पोच मागत टेबलासमोर उभा होता. ही गोष्ट तुमचे आजोबा सांगायचे तेव्हा हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मलाही त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं. ते खोटं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

पाळीवर कागद वाचायची त्याची पद्धत ठरलेली होती. कुणीही बसायचं नाही. बसून ऐकलं की माणूस ऐकता ऐकता झोपतो, असं त्याचं मत. मी एक वाक्य वाचायची, तो ते झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या बोलीत, पुन्हा सांगायचा. सगळं झालं की म्हणायचा, "कौतिका, सांग आता, कागद का म्हनते?" मग कौतिका तो कागद आपल्या शब्दांत सांगायची. एकदा तिने एका लांबलचक परिपत्रकाचं सांगितलं, "कागद म्हनते, तुमाले पानी देऊ, पन तुमाले पायजे तवा नाई, आमाले सुचन तवा." त्याहून अचूक भाषांतर मला जमलं नसतं. कौतिकाला जो कागद सांगता आला नाही, त्यावर त्या गावात अंगठा उठत नसे. एका कागदासाठी लोक तीन रविवार थांबले होते, मला चांगलं आठवतं. तहसील कचेरीतले बाबू दात-ओठ खायचे.

मोर्चे निघाले, बाया तुडुमावर बसल्या, लाठ्या खाल्ल्या. नाहीभाऊवर वॉरंट निघालं तेव्हा तो बपेऱ्याच्या बाजूने मध्य प्रदेशात उतरला आणि दोन महिने तिकडच्या नातेवाइकांच्या गोठ्यात राहिला. मग स्वतःच भंडाऱ्याच्या ठाण्यात येऊन उभा राहिला. तुरुंगातून त्याने आजोबांकडे निरोप पाठवला, "बाईले सांगा, मले इंग्रजी शिकवा. कवापर्यंत त्यायच्या तोंडाकडं पाहू?" चौथी शिकलेला माणूस. मी वहीत धडे लिहून द्यायची, आजोबा भेटीला जाताना वही न्यायचे आणि त्याने पुरा केलेला अभ्यास घेऊन यायचे. लाल शाईने मी तपासायची. सात महिन्यांत त्याने पाच वह्या भरल्या. शाळेतल्या माझ्या एकाही मुलीने इतक्या भुकेने अभ्यास केला नाही. एका धड्याच्या वर मी त्याला लिहून दिलं होतं: सरकारी कागद मागून वाचत यावा, जे तुम्ही वाचू नये असं त्यांना वाटतं ते ते शेवटी टाचतात. पुढच्या भेटीत त्याने ते वाक्य पाच वेळा घोटून पाठवलं होतं.

शेवटी सरकारने लेखी दिलं. तुडुम गावाच्या हाती, गाळपेरीला कुणी हात लावणार नाही. त्या दिवशी कौतिकाने आमच्या घरी दोन पाट्या काकड्या आणून टाकल्या. आम्ही गल्लीभर वाटल्या.

पुढे तो निवडणुकीला उभा राहिला, पहिल्यांदा पडला, दुसऱ्यांदा आला, आणि काही वर्षांनी मंत्री झाला. रस्ते झाले, दवाखाना झाला, मुलींचं वसतिगृह झालं. हे नाकारणार नाही. आजोबा गेले तेव्हा मुंबईची बैठक सोडून आला आणि आमच्या ओसरीवर दिवसभर जमिनीवर बसून राहिला. फोन बाहेर गाडीत ठेवून. तुमची आई तेव्हा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. मला हे सगळं आठवतं, म्हणूनच राग येतो. परका माणूस असता तर राग कशाला आला असता?

बदल झाला तो त्याच्या बोलण्यात. कुणी काही मागितलं की आता तो म्हणायचा, "होऊन जाईन." म्हणजे होऊन जाईल. शाळेची खोली, बदली, विहीर, जावयाची नोकरी, सगळ्याला "होऊन जाईन." लोक खूश होऊन जायचे. मीही त्याला म्हातारपणाचा गोडवा समजले. तीस वर्षं मुलींना सांगत आले की शब्दांकडे लक्ष द्या, आणि मीच दिलं नाही.

मग एका थंडीत तलावाच्या सुशोभीकरणाची ग्रामसभा झाली. पाळीवर मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर. लढ्यातल्या जुन्या लोकांचा सत्कार होता. कौतिकाला साडी, शाल आणि नारळ देऊन स्टेजवर खुर्चीत बसवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती गावासमोर खुर्चीत बसली असेल. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते, ती अवघडून हसत होती. माझ्याही खांद्यावर शाल होती. भाऊच्या स्वीय सहायकाने माझ्या हातात ठराव दिला. "बाई, तुम्हीच वाचा. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे."

वरचं पान मराठीत होतं. खोलीकरण, पाळीची दुरुस्ती, झाडं, दिवे, बोटी. मी माइकवर वाचलं. खाली तीन पानं इंग्रजी टाचलेली होती. मी ती उलटायला लागले तर सहायक हळूच म्हणाला, "ते तांत्रिक आहे बाई, मोजमापं आहेत." पहिल्या ओळीत खरंच मोजमापं होती. ऊन चढलं होतं, आचारी दोनदा डोकावून गेला होता, आणि कागद आणणारा आपला नाहीभाऊ होता. मी पानं तशीच खाली घातली. कुणी उभं नव्हतं. कौतिकाला कुणी काही विचारलं नाही. तिला विचारायचं असतं हे मला आठवलं नाही, तिला आठवलं नाही, गावाला आठवलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. आपला माणूस आला आहे, आता कसला कागद वाचायचा, ही आमची चूक. साहेबापुढे ती आमच्या हातून कधी झाली नसती.

त्यापुढच्या वर्षी काम पुरं झालं. फाल्गुन आला आणि पाणी मागे सरेना. बाया फडक्यात बी बांधून रोज पाळीवर जाऊन पाहायच्या. चैत्र लागला तरी पाणी काठोकाठ आणि त्यावर हंसाच्या आकाराच्या पिवळ्या बोटी. कौतिका भंडाऱ्याला माझ्याकडे आली. "बाई, कागद का म्हनत होता हो तवा?"

माहितीच्या अधिकारात अर्ज करून मी ठरावाची नक्कल मिळवली आणि टेबलाशी बसून मागून वाचत आले. बोटी तरंगाव्यात म्हणून बाराही महिने पाणी एका पातळीवर ठेवायचं, तुडुम त्याखाली उघडायचं नाही. तलावाच्या पोटात कुणाचीही लागवड नाही. मुदत तीस वर्षं. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याची सही. वह्यांमध्ये मी लाल शाईने तपासलेली तीच सही, इंग्रजीत.

तेव्हाही मी म्हटलं, न वाचता केली असेल. मंत्र्यांपुढे दिवसाला शंभर फायली येतात. कौतिकाला घेऊन मी विश्रामगृहावर गेले. तो व्हरांड्यात होता.

"या बाई, या. कौतिका, तू बी बस. चहा सांगतो."

कौतिका जमिनीवर बसली. मी उभीच राहिले.

"भाऊ, हा कागद तुम्हाला वाचून दाखवायचा आहे."

"बसा तं पयले."

"बसून ऐकलं की झोप येते, असं कुणीतरी म्हणायचं."

तो हसला, पण थोडंच. मी वाचायला सुरुवात केली, एक वाक्य इंग्रजी, एक मराठी. रागाच्या भरात भरभर वाचत होते. पहिलं पान संपलं, मी पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचू लागले. तो चहाच्या कपाकडे बघत होता. चष्मा त्याच्या खिशात होता.

"मदलं पान राह्यलं, बाई," तो म्हणाला.

खरंच दोन पानं एकदम उलटली गेली होती. मी मधलं पान सोडवलं. त्यावरच ते कलम होतं, तलावाच्या पोटात लागवड नाही, हे. मी ते वाचलं.

"तुम्ही वाचलं होतं," मी म्हटलं.

"तुमीच शिकवलं ना बाई, मांगून वाचत या म्हनून."

कौतिकाने पदर सारखा केला. "भाऊ, मंग मले काहून नाई विचारलं?"

इतक्या वर्षांत त्याला पत्रकारांनी विचारलं, विधानसभेत विरोधकांनी विचारलं, त्याच्याजवळ उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. इथेही होतं.

"विचारलं असतं तं तू नाई म्हनली असती."

तो हे शांतपणे म्हणाला, जुन्या माणसाशी खरं बोलावं तसं. मग सावरला. बोटींमुळे पाच गावांच्या पोरांना काम लागतं, तालुक्याचं नाव होतं, बारा बायांच्या काकडीसाठी एवढं मोठं काम अडवता येत नाही, असं बरंच बोलला. "तुमच्यासाठी बी काही पाहतो ना, कौतिका. होऊन जाईन."

"चाला बाई," कौतिका उठत म्हणाली, "गाडी सुटन."

त्याने आपली गाडी देऊ केली. आम्ही चालत स्टँडवर आलो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी तं वाचाले विसरले, बाई. विसरनं येगळं." माझ्यासाठी तिने एवढी सोय केली. मी ती घेत नाही. पहिल्या ओळीवर थांबायला मला कुणी भाग पाडलं नव्हतं.

त्यानंतर तो आणि मी भेटलो नाही. दिवाळीला त्याच्याकडून मिठाईचा डबा येतो, तो मी आल्या गाडीने परत पाठवते. ठराव रद्द करावा म्हणून आम्ही केलेला अर्ज अजून कुठल्यातरी कचेरीत आहे. दर महिन्याला मी पत्र टाकते. आणि जिल्ह्यात जिथे जाते तिथे एकच ऐकते: भाऊ देवमाणूस हो, आजूबाजूचे लोक वाईट. सहायकाने फसवलं, अधिकाऱ्यांनी फसवलं, भाऊ काय, बिचारा भोळा. तलाव गेला त्यापेक्षा या वाक्याने माझं डोकं जास्त तापतं. ज्याने आम्हाला प्रत्येक शब्द तीन-तीनदा ऐकायला शिकवलं, त्याला भोळा म्हणायचं? त्याची सगळी हुशारी, तुरुंगातले ते सात महिने, त्या पाच वह्या, सगळं पुसून टाकायचं, का, तर त्याला दोष देताना आपल्याला वाईट वाटतं म्हणून?

या वर्षी कौतिका सुनेबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली. आमच्या भागातले कितीतरी लोक आता उन्हाळ्यात जातात. तिची पट्टी होती तोवर ती कधी गेली नव्हती. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान आहे ती. मागच्या आठवड्यात परतताना माझ्याकडे थांबली. जेवायला बसवलं तर भात कालवेना, हात ताटाच्या काठावर ठेवून नुसती बसून राहिली. मिरचीने दहाही बोटं सोलवटली होती. मी चमचा दिला. तो तिला बोटांत धरता येत नव्हता, पण तिने दोन तळव्यांमध्ये धरून थोडं खाल्लं.

शेजारच्या दमयंतीबाई दही मागायला आल्या होत्या. कौतिकाची बोटं पाहून हळहळल्या. "भाऊंना कळलं असतं ना, तर असं होऊ दिलं नसतं हो त्यांनी. फसवलं त्यांना लोकांनी."

कौतिकाने चमचा खाली ठेवला.

"कोनी नाई फसवलं त्याले," ती म्हणाली. "त्याले सारं वाचता येते."

दमयंतीबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी उठले, दह्याचं भांडं आणलं आणि त्यांना द्यायच्या आधी कौतिकाचे दोन्ही हात त्यात बुडवले.